जीभ गेली तर गेली

सोमवार, ता. ३

आजपासून लिहायचं ठरवलंय. बोलायला कोणी नाही असं नाही, घर माणसांचं आहे. पण जे बोलायचंय ते त्यातल्या एकालाही सांगायचं नाही, म्हणून ही वही.

मला चव लागत नाही. वासही येत नाही. चार महिने झाले. ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कधीकधी येतही नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली. तिखट झोंबतं, आंबटाने दात शिवशिवतात, गरम-गार कळतं. बाकी सगळं ओल्या कापसासारखं.

आणि आता उन्हाळा उतरणीला लागलाय. गच्चीवरच्या डब्यांत टोमॅटो लालेलाल झालेत, परसातून रोज टोपलीभर काकड्या निघतायत, भिंतीलगतचं अंजीर पिकायला लागलंय. महिनाअखेरीला खाणावळवाल्या बाई येतील. बस थांब्याजवळ त्यांची खाणावळ आहे, आणि गेली बावीस वर्षं त्या माझ्या बरण्या नेतायत. त्यांची एक सवय आहे. मनाला येईल ती बरणी उचलतात, माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "आधी तुम्ही चाखा." मी चाखते, मान हलवते, मग माल गाडीत चढतो.

यंदाही चढेल. मी अजून मेलेली नाही.

मंगळवार, ता. ४

मी आयुष्यात मीठ मोजलं नाही. काकड्या मुरवायचं पाणी समुद्रापेक्षा कमी खारट आणि डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त, एवढंच माझं माप. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, झालं. मोजतं कोण, तर आमची धाकटी जाऊ. तीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या तिने. वरणातलं मीठसुद्धा काट्यावर तोलेल. मी तिला मनातल्या मनात मापाडी म्हणते. एकदा मोठ्यानेही म्हटलं होतं, चार माणसांत. "ज्याला जीभ नाही त्याने काटा वापरावा," असंही म्हटलं होतं. तेव्हा सगळे हसले, तीसुद्धा.

घर एकच. खाली भावजी आणि ती, वर मी आणि हे. चुली दोन, पण हंगामाचं काम वरच्या स्वयंपाकघरात होतं आणि ते माझं.

दुपारी भावजी वर आले. चहा दिला. एरवी कप हातात धरून अर्धा तास गावगप्पा करणारा माणूस, आज एका दमात चहा संपवून उभा राहिला. "वहिनी, निघतो, काम आहे." निवृत्त माणसाला कसलं आलंय काम?

गुरुवार, ता. ६

काकड्यांच्या पहिल्या बारा बरण्या भरल्या. पाणी उकळून गार केलं, मीठ घातलं. किती घातलं ते सांगता यायचं नाही. बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि नेहमीसारखं तोंड केलं, कारण धाकटी दारात उभी होती. मग अंदाजाने अजून एक मूठ घातली. की आधीच घातली होती? की मूठ त्या पातेल्यात घातली आणि हे पातेलं तसंच राहिलं? जाऊ दे. हाताला आठवतं. चाळीस वर्षांचा हात आहे.

संध्याकाळी गच्चीवर झाडांना पाणी घालून खाली आले तेव्हा धाकटी आमच्या स्वयंपाकघरातून निघत होती. म्हणाली, "काडेपेटी घ्यायला आले होते." हातात काडेपेटी नव्हती.

रविवार, ता. ९

आज जेवताना यांनी तांब्याभर पाणी संपवलं आणि दुसरा मागितला. मी विचारलं, "कसं झालंय?"

"छान."

हे आणि छान! 'बरं आहे' एवढ्या एका वाक्यावर आमचा चाळीस वर्षांचा संसार झाला. बस डेपोत टाइमकीपर होते, शब्दसुद्धा वेळापत्रकाप्रमाणेच सुटतात. मग आज छान कुठून आलं? चेहऱ्याकडे बघितलं तर ताटात बघत होते. भाजी संपवली मात्र सगळी.

काकड्यांच्या आणखी सहा बरण्या काल भरल्या. पहिल्या बारांचं पाणी आज नितळ दिसतंय, मी सोडलं होतं त्याहूनही नितळ. बुडबुडे कसे बारीक, शिस्तीत चढतायत. बघा म्हणावं, जीभ नसली तर काय अडलं! हात जाणतो.

बुधवार, ता. १२

धाकटीचा वजनकाटा आमच्या ओट्यावर येऊन बसलाय. म्हणे खाली ठेवायला जागा नाही. दोन माणसांना तीन खोल्या, आणि काट्याला जागा नाही! मी तो टेबलाखाली ढकलला. तर त्याच्या ताटाखालून चिठ्ठी निघाली, तिच्या औषधी अक्षरातली. 'काकड्या: लिटरला सपाट तीन चमचे. टोमॅटो: बाटलीला पाव चमचा, वर लिंबू.' स्वतःसाठी लिहून ठेवलेली दिसते. माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि आत्तापासून विसरभोळेपणा.

टोमॅटोच्या बाटल्या केल्या आज. सालं काढून, बिया गाळून, रस अर्ध्यावर आटवला. किती आटला ते डोळ्यांना कळतं, त्याला जीभ लागत नाही. कढईत झारा ओढला की मागे वाट उघडी राहिली पाहिजे. बाटल्या मोठ्या पातेल्यात फडक्यावर उभ्या करून उकळल्या. चोवीस झाल्या, एकही फुटली नाही.

खरं लिहायचं तर मीठ त्या चिठ्ठीप्रमाणे घातलं. पाव चमचा. दार लावून घेतलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही पाळी आली माझ्यावर, स्वतःच्या ओट्यापाशी.

शनिवार, ता. १५

सापडली!

मी डावरी आहे. बरणीच्या तोंडाला फडकं लावून दोरा बांधते तेव्हा माझी गाठ उलटी बसते. आज फळीवरच्या बरण्या पुसायला घेतल्या, तर काकड्यांच्या अठरापैकी अठराही गाठी सुलट. सगळ्या बरण्या कोणीतरी उघडून पुन्हा बांधल्यात. कोणीतरी म्हणजे काय, घरात उजव्या हाताने अशी आवळ, दुकानी गाठ एकच बाई मारते.

म्हणजे काडेपेटी ही होती. मी गच्चीवर असते तेव्हा ही माझ्या बरण्या उघडून बघते. माझं प्रमाण चोरायचंय तिला. पुढच्या वर्षी खाणावळवाल्या बाईंसमोर हीच उभी राहणार, काटा आणि चिठ्ठी घेऊन. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

मला हे नवीन नाही, कारण हे मी स्वतः केलंय. सासूबाईंचे हात थरथरायला लागले तेव्हा मीच त्यांच्या हातातून झारा घेतला. "तुम्ही बसा आता, मी आहे ना." किती गोड आवाजात म्हटलं होतं! त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. त्यानंतर स्वयंपाकघरात आल्या त्या फक्त पाणी प्यायला. तीन वर्षं तशा बसून होत्या आणि मग गेल्या. मी खुर्चीत बसणार नाही. ती खुर्ची मी गेल्या वर्षीच भंगारवाल्याला दिली.

आज सहा बरण्या नव्या भरल्या आणि फळीवर ठेवल्याच नाहीत. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, जुन्या चादरींच्या मागे ठेवल्या. यांचं पाणी पिणं डोक्यात होतं म्हणून मिठाला हात आखडता घेतला. चिठ्ठी बघितली नाही. या सहा बरण्या माझ्या, नखशिखांत माझ्या. खाणावळवाल्या बाईंपुढे यातलीच एक ठेवणार.

मंगळवार, ता. १८

उन्हाने गच्चीवरचे तीन डबे करपले. मिरच्या मात्र खमक्या आहेत. एक कच्ची चावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं. एवढं तरी कळतंय अजून, म्हणून दुसरी खाल्ली.

यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. म्हणे, आत उकडतं. पंखा आत आहे, बाहेर नाही. पण एकदा यांच्या मनाने घेतलं की घेतलं.

झोपायच्या खोलीत माश्या फार झाल्यात.

गुरुवार, ता. २०

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे, एक अक्षर गाळणार नाही.

समोरची शिवणकाम करणारी बाई पडद्याचं माप घ्यायला आली. झोपायच्या खोलीच्या दारातच थबकली, ओढणी नाकाला लावली. "काकू, उंदीर मेलाय का हो कुठे?" मी म्हटलं, "छे, कुठे काय!" ती माझ्याकडे बघतच राहिली. खिडकीपाशी जाऊन कसंबसं माप घेतलं आणि पळाली. मी खोलीत उभी राहून नाकाने ओढून ओढून वास घेतला. हवा गेली आत, वास नाही. एवढी एकटी मी तापातसुद्धा पडले नव्हते.

तेवढ्यात धाकटी वर आली. विचारणं नाही, सवरणं नाही, सरळ कपाटापाशी गेली आणि दार उघडलं. सहापैकी दोन बरण्या फडक्यातून उतू गेल्या होत्या. चादरींवर पिवळं पाणी, काकड्यांचा लगदा, वर बुरशीची साय. मी तिथे पाच रात्री झोपले होते.

ती चादरी गोळा करायला लागली. मी तिचा हात धरला. "माझ्या बरण्यांना हात लावू नकोस."

"वहिनी, यात मीठ किती घातलंत?"

"तुला काय करायचंय? चोरून बरण्या उघडतेस माझ्या. मला गाठी कळत नाहीत असं वाटलं तुला?"

ती खाली बसली, ओल्या चादरीवरच. म्हणाली, "उघडल्या. पहिल्या बारांपैकी पाचांत मीठच नव्हतं. चारांत दुप्पट होतं. सगळ्यांचं पाणी बदललं मी. नंतरच्या सहांचंही बदललं."

"तुला कोणी सांगितलं बदलायला?"

"कोणी नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही यांना मिठाचा चहा दिलात तेव्हापासून. पिऊन खाली आले आणि म्हणाले, वहिनींना काहीतरी झालंय, पण विचारू नकोस."

"आणि आमच्या यांना?"

"दादांना आधीपासून माहीत आहे. त्यांनीच मला सांगितलं, तिला कळू देऊ नकोस, ती मोडेल."

मी मोडेन! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून चार महिने मूठ आवळून बसले, आणि ती मूठ मागून सगळ्यांना उघडी दिसत होती. मी तिला खोलीबाहेर काढलं. बरण्या मी एकटीने धुतल्या. ती दाराबाहेर उभी राहून सांगत होती, "अजून येतोय वास, अजून एकदा धुवा." मी धुतल्या. तिचं ऐकून नव्हे, धुवायच्याच होत्या.

शुक्रवार, ता. २१

अंजीर शिजवले. सोळा बरण्या. दाराला आतून कडी होती. कोणाशी बोलले नाही.

शनिवार, ता. २२

आज काहीही केलं नाही. गच्चीवर टोमॅटो पिकून फुटत असतील. फुटू देत.

संध्याकाळी हे येऊन शेजारी बसले. मी विचारलं, "माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काय केलं असतंस?"

"भांडले असते."

"तेच म्हटलं."

"आणि ते छान?"

यांनी जरा विचार केला. "घास गिळायला काहीतरी लागतं."

मला हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला. म्हटलं, "चार महिने मला लहान मुलासारखं खेळवलंत. हा लपंडाव मी सुरू केला, कबूल. पण तुम्ही तिघांनी मिळून मला त्यात एकटं पाडलंत. आजची आमटी खारट होती का? खरं सांगा."

"खारट नव्हती," हे म्हणाले. "अळणी होती. पाण्यासारखी." मग भीतभीत माझ्याकडे बघितलं.

मी उठून मिठाची बरणी यांच्यापुढे ठेवली. "वाढून घ्या. रोज वाढून घ्यायचं आणि रोज सांगायचं." बाहेरचं अंथरूण आज आत आलं.

रविवार, ता. २३

रात्रभर टोमॅटो डोक्यात. उजाडायच्या आत वर गेले, तर धाकटी आधीच हजर. टोमॅटो तोडत होती, म्हणजे अक्षरशः ओढत होती, देठासकट, फांदीसकट.

"अगं, झाड उपटतेस का? बोटाने देठाचा सांधा शोध आणि वर उचल. आपोआप सुटतो."

तिने करून बघितलं. सुटला. दोन सुटल्यावर ती म्हणाली, "वहिनी, मला तुमची जागा नकोय. मला तर टोमॅटोसुद्धा तोडता येत नाहीत."

"मग एवढ्या बरण्या कशाला बदलल्यास?"

"खाणावळवाल्या बाईंनी तुमच्यासमोर तोंड वाकडं केलेलं मला बघवलं नसतं."

मी बराच वेळ तोडत राहिले. मग तिला सासूबाईंचं सांगितलं. झारा, खुर्ची, सगळं. ती या घरात आली तेव्हा त्या खुर्चीतच होत्या, तिला त्या तशाच माहीत. मी म्हटलं, "मी वाईट वागले. समोर उभी राहून वागले, तरी वाईटच. पण तू मागून वागलीस. तू मला खुर्चीत बसवलंस आणि खुर्ची दाखवलीसुद्धा नाहीस."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही, उलट तापली. "आणि तुम्ही? आम्हाला सगळ्यांना सडक्या काकड्या खायला घालणार होतात, एक शब्द न सांगता! कोणी आजारी पडलं असतं म्हणजे? खाणावळीत मुलं जेवतात, वहिनी."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझी लाज, माझा ओटा, माझा हात, एवढंच चाललं होतं चार महिने. मी टोपली खाली ठेवली.

तिथेच गच्चीवर अटी ठरल्या. चाखायचं ते माझ्यासमोर. मीठ तिच्या काट्याने. कधी तोडायचं, किती आटवायचं, कधी उतरवायचं ते मी ठरवणार. ती म्हणाली, "आणि आपलं पटलं नाही तर?"

"तर भांडू. पण मोठ्याने."

गुरुवार, ता. २७

चार दिवस लिहायला फुरसत नाही. टोमॅटोच्या अजून तीस बाटल्या, मिरच्या सिरक्यात, लिंबं मिठात. तीनदा भांडण. एकदा तिचं बरोबर निघालं, दोनदा माझं. भावजी तिन्ही वेळेला कुठेतरी काम आहे म्हणून निघून गेले.

फळीवरच्या काकड्या तिने माझ्यासमोर एकेक उघडून चाखल्या. दोन बरण्यांवर नाक मुरडलं. मी त्या परसात ओतल्या. जीव तुटला, पण ओतल्या.

रविवार, ता. ३०

खाणावळवाल्या बाई आल्या. फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मधल्या रांगेतली काकड्यांची बरणी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "आधी तुम्ही चाखा."

हे दारात होते. भावजी जिन्यात. धाकटी माझ्या मागे, तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मान हलवायची तेवढी बाकी होती. एक तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. बावीस वर्षांची सवय, मान आपोआप हललीही असती. बरणी चांगली होती, धाकटीने चाखलेली होती. कोणाचं काही बिघडलं नसतं.

मी म्हटलं, "मला चव लागत नाही. वास येत नाही. चार महिने झाले. येईल की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही. ही चाखते. पिकवते, तोडते आणि शिजवते मी. यंदाचा माल असा आहे. घ्यायचा तर घ्या, नाहीतर फळीवर राहू दे, आम्ही खाऊ."

बाईंनी एकदा फळीकडे बघितलं. मग बरणी माझ्यापुढून काढून धाकटीपुढे धरली. तिने चावून खाल्लं, घाई न करता. म्हणाली, "चांगली आहे. पण गेल्या वर्षीची जास्त चांगली होती."

मी कपाळाला हात लावला. कोणी असं सांगतं का गिऱ्हाइकाला? पण बाई हसायला लागल्या. "हे ऐकून बरं वाटलं," म्हणाल्या. "बावीस वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी खरं सांगितलं." काकड्या नेल्या, टोमॅटो नेले, मिरच्या नेल्या. अंजीर म्हणाल्या पुढच्या आठवड्यात नेते, गाडीत जागा नाही. त्या जिना उतरून गेल्यावर मी पायरीवर बसले. हे पाणी घेऊन आले, मी नको म्हटलं नाही.

मग धाकटीला म्हटलं, "अंजीर राहिलंय. आण एक बरणी. चमचा आण."

तिने खाल्लं. "गोड आहे."

"गोड साखरही असते. नीट सांग."

"खूप गोड."

"तुझ्या तोंडात जीभ आहे की काटा? पुन्हा खा."

दुसरा चमचा, तिसरा. ती चिडली. "वहिनी, मला नाही सांगता येत. तुम्हाला यायचं."

"मला यायचं म्हणूनच तुला शिकायचंय. बिया दाताखाली येऊ देत. जिभेच्या मागे थांब. आता काय लागतं?"

पाचव्या चमच्याला तिने डोळे मिटले. बराच वेळ घास तोंडातच घोळवला. मग हळूच म्हणाली, "आधी गोड लागतं. मग सालीचा जरासा कडूपणा मागे राहतो. पण साल अजून नीट मुरलेली नाही." तिने डोळे उघडले. "हे लवकर उतरवलंय. दहा-पंधरा मिनिटं तरी. तुम्ही तर कधी लवकर उतरवत नाही."

लवकरच उतरवलं होतं. त्या शुक्रवारी, दाराला कडी घालून, पाक झाला का ते बघायला मी थंड ताटलीवर थेंब टाकत होते आणि थेंब मला दिसत नव्हता. डोळ्यांतलं पाणी थांबायला तयार नव्हतं. शेवटी न बघताच कढई खाली घेतली. हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं.

"आता बरोबर सांगितलंस," मी म्हटलं. "सोळाही बरण्या कढईत ओत. पुन्हा चढवू."